फेटा बांधला म्हणून नवरदेव होत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या नातीला इंग्रजीच्या घटक चाचणीत एका प्रश्नाला पाचपैकी दीड गुण मिळाला. एवढ्याशा गोष्टीसाठी वर्तमानपत्राला पत्र लिहायचं नसतं, हे मला कळतं. पण ज्या नियमानं तिचे साडेतीन गुण गेले, तो नियम माझ्या मुलाच्या वहीत होता, आता नातीच्या वहीत आहे, आणि मधल्या काळात एका क्लासच्या नोट्ससाठी तो मी स्वतः शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत, जुळवलेला आहे. म्हणजे या गुन्ह्यात माझाही हात आहे, अगदी शब्दशः.

मी धंद्यानं जुळारी. नव्या वाचकांना कळावं म्हणून सांगतो, कंपोझिटर, म्हणजे एकेक खिळा उचलून छापायचा मजकूर जुळवणारा. १९७२ च्या दुष्काळात नववीतून माझी शाळा सुटली आणि काकांनी मला कराडातल्या एका छापखान्यात नेऊन उभं केलं. तिथं २२ वर्षं काढली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पडेल ते काम. इंग्रजी मी शाळेत कमी आणि खिळ्यांत जास्त शिकलो, तेही उलटं, कारण खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं. तेव्हा मी काही भाषापंडित नाही. पण कॅपिटल अक्षराबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे. ती अक्षरं मी एकेक करून उचललेली आहेत.

आधी ती चाचणी. एक छोटा उतारा होता आणि त्यातले प्रॉपर नाउन आणि कॉमन नाउन, म्हणजे आपली विशेषनामं आणि सामान्यनामं, वेगळी करायची होती. उतारा असा: 'मोती इज अ डॉग. ही लिव्ज निअर अवर स्कूल. आय गिव्ह हिम मिल्क ऑन संडे.' आता पंचाईत अशी की आपलं वर्तमानपत्र देवनागरीत निघतं आणि देवनागरीत कॅपिटल नाही, त्यामुळे मूळ कागदावर काय होतं ते मला तोंडानं सांगावं लागेल. मोतीचा एम कॅपिटल होता, ते बरोबरच. पण डॉगचा डी कॅपिटल, स्कूलचा एस कॅपिटल. 'ही' वाक्याच्या सुरुवातीला आल्यामुळे त्याचा एच कॅपिटल. 'आय' तर नेहमीच कॅपिटल. आणि संडेचा एस.

नातीनं विशेषनामांच्या रकान्यात लिहिलं: मोती, डॉग, ही, स्कूल, आय, संडे. सामान्यनामांच्या रकान्यात एकटं मिल्क. चार उत्तरांवर लाल फुल्या आणि खाली शेरा, 'वहीतला नियम वाच'. मी वही मागितली. नियम असा होता: प्रॉपर नाउनचं पहिलं अक्षर नेहमी कॅपिटल असतं.

पोरीनं नियम वाचला होता, पाळलाही होता. फक्त उलटा पाळला होता. विशेषनाम असेल तर कॅपिटल, हे ठीक. पण तिनं धरलं, कॅपिटल असेल तर विशेषनाम. लग्नात नवरदेवाला फेटा असतो हे खरं, पण आजकाल वऱ्हाडातला झाडून सगळा गोतावळा फेटे बांधून उभा असतो. फेटा बघून हार घालायला गेलात तर नवरदेवाच्या मेव्हण्याच्या गळ्यात पडेल.

मी तिला विचारलं, "डॉग आणि स्कूल समजलं, पण आय कसं काय लिहिलंस?" ती म्हणाली, "आजोबा, मी एकच आहे ना?" यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. एकाच व्यक्तीचं नाव म्हणजे विशेषनाम, हे तिनं ऐकलं होतं, आणि तिच्या मते जगात ती एकच होती. तिचं चुकलं कुठं, तर 'मी' हा शब्द मीही वापरतो, तुम्हीही वापरता. जो बोलेल त्याचा तो होतो. ते सर्वनाम. आणि त्या आयला इंग्रजीनं कॅपिटल दिलं ते, मला तरी वाटतं, एकट्या बारक्या काडीचं अक्षर ओळीत हरवून जाऊ नये म्हणून. खिळे जुळवताना तो बारका आय बोटांतून कसा निसटतो ते ज्यानं उचललाय त्यालाच ठाऊक.

छापखान्यात इंग्रजीच्या दोन लाकडी पेट्या असायच्या, खान्याखान्यांच्या. त्यांना केस म्हणायचे. वरच्या उतरत्या केसमध्ये मोठी अक्षरं, खालच्यात लहान. म्हणून अप्पर केस आणि लोअर केस. संगणकवाले पोरं आजही हे शब्द वापरतात, पण पेटी कुणी बघितलेली नाही. खालच्या केसमध्ये ई चा खाना सगळ्यांत मोठा, कारण तो सगळ्यांत जास्त लागतो. वरच्या केसमध्ये जे आणि यू ही दोन अक्षरं आपल्या जागी नसून झेडच्याही नंतर, कारण ती लिपीत उशिरा आलेली आणि जुन्या जुळाऱ्यांनी हाताची सवय मोडायला नकार दिलेला. उजव्या हाताला दर वेळी निर्णय घ्यावा लागायचा: वर जायचं की खाली? लेखकानं कागदावर काय खरडलंय यावर विसंबून चालत नसे, कारण गिऱ्हाईक कॅपिटल कुठंही टाकतं.

एकदा एक गृहस्थ इंग्रजी लेटरहेड करायला आले. आडनाव पाटील आणि गावचे पोलीस पाटील. मी नवीन होतो. आडनाव कॅपिटलनं जुळवलं आणि खाली पद लहान अक्षरांत टाकलं. प्रूफ बघून गृहस्थ तापले. "माझं पद बारकं करता?" आमच्या फोरमननी मुकाट्यानं पदालाही कॅपिटल लावून दिलं, पैसे घेतले, आणि संध्याकाळी केस झाकताना मला म्हणाले, "गिऱ्हाइकाला दिलं ते मानासाठी दिलं. तू तुझ्यापुरतं ध्यानात ठेव. उद्या ह्या माणसाचं पद गेलं तर पोलीस पाटील हा शब्द गावातच राहणार, दुसऱ्याला चिकटणार. आणि पाटील हा शब्द ह्याच्याबरोबर घरी जाणार, ह्याच्या पोराच्या दाखल्यावर चढणार. घरी जातं ते नाव. खुर्चीत राहतं ते पद."

मराठीत मान द्यायला आपल्याकडे 'राव' आहे, 'मा.' आहे, आदरार्थी बहुवचन आहे. इंग्रजी लिहिताना यातलं काहीच हाताशी नसतं, म्हणून आपण कॅपिटलं वाटतो. त्याला मी आदरार्थी कॅपिटल म्हणतो. चेअरमनला कॅपिटल, प्रिन्सिपॉलला कॅपिटल, शाळेला कॅपिटल, वर्गणी दिली असेल तर वर्गणीलाही. नातीच्या प्रश्नपत्रिकेतला स्कूलचा एस असाच आला असणार. कुत्र्याला मान कशापायी दिला हे मात्र मला उलगडलं नाही.

बाईंना मी भेटलो. त्यांच्यावर राग नाही. एकेका वर्गात इतकी पोरं, त्यात प्रश्नपत्रिका दुसऱ्याच कुणी टाइप केलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "आजोबा, मुलांना सोपी खूण तर द्यायला हवी." हे मान्य. पण सोपी खूण इंग्रजीनं आधीच दिलेली आहे आणि ती कॅपिटलपेक्षा चांगली आहे.

'डॉग स्लीप्स' असं इंग्रजीत म्हणता येत नाही. ते वाक्य लंगडतं. डॉगच्या पुढे 'अ' हवा, 'द' हवा, 'अवर' हवा, नाहीतर अनेकवचन करून 'डॉग्ज' तरी हवं. मोती मात्र एकटा उभा राहतो. 'मोती स्लीप्स'. झालं. आधाराला काठी लागते ते सामान्यनाम, काठीवाचून चालतं ते विशेषनाम. मराठीत ही अडचणच नाही. आपल्याकडे कुत्रा झोपला आणि मोती झोपला, दोघेही बिनकाठीचे झोपतात. म्हणूनच तर आपल्या पोरांचे 'अ' आणि 'द' जन्मभर चुकतात. माझ्याही प्रूफांत सगळ्यांत जास्त खुणा त्याच. विशेषनाम-सामान्यनाम हा धडा नीट शिकवला तर त्याच धड्यात 'अ' आणि 'द' निम्मे शिकवून होतात. आपण तो धडा कॅपिटलवर उरकतो आणि मग तीन इयत्तांनंतर आर्टिकल्स नावाचा वेगळा धडा घेऊन डोकं धरून बसतो.

आईचंही याच खुणेनं सुटतं. 'माय मदर' म्हटलं की मदरला काठी लागली, एम लहान. 'मदर इज कुकिंग' म्हटलं की तेच तिचं नाव झालं, एम कॅपिटल. शब्द एक, माणूस एक, आणि पहिलं अक्षर कधी खालच्या केसमधून तर कधी वरच्या.

ही खूण सगळीकडे चालते असं नाही. दूध, पाणी, तांदूळ असली मोजता न येणारी नामं काठीशिवायही चालतात, म्हणून उताऱ्यातलं मिल्क एकटंच होतं. आणि नद्या, समुद्र, डोंगररांगा यांना विशेषनाम असूनही 'द' लागतो: द कोयना, द अरेबियन सी. पण हे अपवाद मोजके आहेत आणि मुलांना अपवाद आवडतात. नियमापेक्षा तेच लक्षात राहतात.

दुसरी एक गोष्ट मला बाईंना सांगायची होती, पण घंटा झाली. आपल्या पोरांना विशेषनाम ओळखायला इंग्रजीनं शिकवायची गरजच नाही. ती घरी ते रोज ओळखतात, आणि तेही अक्षर न बघता, कानानं. पूजेचं ताट देव्हाऱ्यासमोर असतं. पूजाचं ताट जेवणाच्या टेबलावर असतं आणि त्यातली भाजी तशीच राहिलेली असते. आशेवर माणूस जगतो. आशावर तिची आई ओरडते. हिऱ्याची अंगठी हरवली तर सोनाराकडे नाहीतर पोलिसांत जायचं. हिराची अंगठी हरवली तर आधी हिराला सांगायचं. चार वर्षांचं पोरसुद्धा यात चुकत नाही. सामान्यनाम प्रत्यय लागला की वाकतं, माणसाचं नाव बहुधा ताठ राहतं. बहुधा म्हटलं, कारण जुन्या वळणाची माणसं 'सीतेला' म्हणणारच, आणि नद्या-गावं तर बिनतक्रार वाकतात: कोयनेला पूर, साताऱ्याला बदली. तरी कान तयार असतो. मोडी लिपीत कॅपिटल तर सोडाच, दोन शब्दांत मोकळी जागाही नसायची. तरी कुणाचं वतन कुणाच्या नावावर, यात गोंधळ लिपीमुळे झाल्याचं मी ऐकलेलं नाही. झाला तो भावकीमुळे.

नातीचा प्रश्न पुढे गेला. "आमच्या वर्गात दोन स्वरा आहेत. मग स्वरा कॉमन नाउन का?" माझ्या मुलाच्या वेळी वर्गात सचिन मोजावे लागत, तेव्हा हा प्रश्न मला जुना. तिला म्हटलं, तीन कुत्रे घे. तिघांत काहीतरी सारखं असतं म्हणूनच ते कुत्रे. आता तीन सचिन घे. एक काळा, एक गोरा, एकाला क्रिकेटची बॅटसुद्धा धरता येत नाही. नाव सोडलं तर तिघांत काय सारखं? काही नाही. नाव चिकटवलेलं असतं, ते काही वर्णन करत नाही. पण 'आमच्या गल्लीतला हा दुसरा सचिन' म्हटलं आणि तो षटकार मारत असेल, तर त्या क्षणी सचिन सामान्यनाम झाला, कारण आता त्या शब्दाला अर्थ आला. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात हे होतंच: आमच्या गावात एक नारद आहे. आणि त्याच्या उलट, 'आत्ताच मी नगरहून आलो', म्हणजे सामान्यनामाचं विशेषनाम झालं. आता २०२४ पासून ते नगर कागदोपत्री अहिल्यानगर आहे, तेव्हा ते उदाहरण बदलावं लागेल. माणसं नगरहूनच येतात, तो भाग वेगळा.

संडेचं मात्र मला तिला नीट पटवता आलं नाही. रविवार काही एकच नसतो, दर आठवड्याला येतो, खुर्चीतल्या पदासारखा. फोरमनच्या कसोटीवर तो नापास. तरी इंग्रजीनं वारांना आणि महिन्यांना नावं मानलंय आणि ऋतूंना मानलेलं नाही. संडे मोठा, समर लहान. फ्रेंचांमध्ये वारही लहान. आमच्याकडे प्रूफं तपासायला एक निवृत्त प्राध्यापक यायचे, चहाला जागणारे. ते सांगायचे की जर्मनीत सगळीच नामं कॅपिटलनं लिहितात, कुत्रासुद्धा आणि दूधसुद्धा. आणि खुद्द इंग्रजीत जुन्या काळी तशीच चाल होती; अमेरिकेच्या १७८७ च्या घटनेच्या पहिल्या वाक्यात ऑर्डर, जस्टिस असली साधी नामंही कॅपिटलनं आहेत. पुढे ती चाल गेली. म्हणजे नामं होती तिथंच राहिली, फेटे तेवढे उतरले. यावरून तरी कळावं की फेटा म्हणजे माणूस नव्हे.

हेच सर विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत मला दर वर्षी पकडायचे. आयझॅक न्यूटन कॅपिटल एननं. पण बल मोजायचं न्यूटन हे एकक पूर्ण शब्दात लिहिलं की एन लहान, आणि त्याची एका अक्षराची खूण लिहिली की पुन्हा कॅपिटल. वॅटचं तसंच. आपल्या वीजबिलावर युनिटच्या जागी के लहान, डब्ल्यू कॅपिटल, एच लहान असं जे विचित्र दिसतं, त्यातला तो मधला डब्ल्यू म्हणजे जेम्स वॅटची आठवण. माणूस मेला, नाव एकक झालं, एककाचा फेटा काढला, आणि आद्याक्षराला परत बांधला. हे मी केस समोर असतानाही विसरायचो. आमच्याच धंद्यातले रोमन आणि इटॅलिक बघा. एक रोमवरून, एक इटलीवरून, पण टाइपाचं वळण म्हणून लिहिताना छापखान्यातले जाणते लोक दोन्ही लहान अक्षरांत लिहितात.

नाव झिजून शब्द होतो तो कसा, हे बघायला मात्र पुस्तक लागत नाही. आमच्याकडे हायवेचं काम निघालं तेव्हा रोज सकाळी गल्लीतली पोरं ओरडायची, "पोकलेन आला!" पोकलेन ही फ्रान्समधली एक कंपनी. समोर उभं असलेलं यंत्र जपानी असो की कोरियन, आपल्याकडे साखळीच्या पट्ट्यावर चालणारं आणि माती खणणारं ते पोकलेन. चाकावरचं पिवळं ते जेसीबी. ती तीन अक्षरं जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्रज माणसाची आहेत. कुणा माणसाची आद्याक्षरं इतक्या दूरच्या गावांतल्या शेततळ्यांत आणि विहिरींत उतरली असतील असं वाटत नाही. झेरॉक्सचं सांगायला नको. दुकानावर पाटी झेरॉक्सची, आतल्या मशीनवर नाव दुसऱ्याच कंपनीचं. याच झेरॉक्सनं आणि पुढे संगणकानं आमचा छापखाना १९९४ साली बंद पाडला, तरी त्याचं सामान्यनाम होण्याला माझा विरोध नाही. ते लोकांनी केलंय. खरी झेरॉक्स कंपनी मात्र जाहिराती देऊन सांगते की आमचं नाव असं क्रियापदासारखं वापरू नका.

याचा सगळ्यात नामी किस्सा माझ्या वकील पुतण्यानं सांगितला. आपण ज्याला थर्मास म्हणतो ते मुळात एका कंपनीच्या मालाचं नोंदलेलं नाव. अमेरिकेत दुसरी एक कंपनी तशाच बाटल्या विकताना तो शब्द वापरायला लागली, पहिली कोर्टात गेली. १९६३ मध्ये वरच्या कोर्टानं निकाल कायम केला की लोकांच्या तोंडी हा शब्द आता बाटलीच्या जातीचं नाव झालाय. पण पहिल्या कंपनीचा हक्क पार बुडवलाही नाही. दुसऱ्या कंपनीनं शब्द वापरावा, पण टी लहान अक्षरात लिहावा, आधी आपलं नाव लावावं, आणि 'अस्सल' वगैरे म्हणू नये, असं बंधन घातलं. मी ऐकून उडालोच. आमचे फोरमन असते तर त्यांनी त्या न्यायाधीशाला चहा पाजला असता. दोन कंपन्या, वकिलांच्या फौजा, आणि शेवटी निकाल काय, तर टी खालच्या केसमधून घ्या. पण इथंही क्रम बघा. आधी ठरलं की हा शब्द जातीचा झालाय की एकाचा राहिलाय, अक्षर त्यानंतर ठरलं. आपण मुलांना आधी अक्षर बघायला सांगतो.

तेव्हा माझी शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती एवढीच की हा प्रश्न उलटा विचारावा. उतारा संपूर्ण लहान अक्षरांत छापावा आणि कॅपिटल मुलांना लावायला सांगावीत. प्रत्येक कॅपिटलचं कारणही विचारावं. वाक्याची सुरुवात म्हणून लावलं, की आय म्हणून, की नाव म्हणून. तीन कारणं तीन रंगांच्या पेन्सिलींनी. आणि दुसरी विनंती आपल्यालाही, पालकांना: व्हॉट्सॲपवर शाळेची नोटीस पुढे पाठवताना त्यातल्या आदरार्थी कॅपिटलांकडे पोरांचं लक्ष जातं, हे ध्यानात असू द्यावं.

मी हा प्रयोग घरी केला. छापखाना बंद झाला तेव्हा खिळे वजनावर भंगारात गेले. मी एक जोडी केस आणि दोन मुठी बारा पॉइंटचा इंग्रजी टाइप मागून घेतला होता. तो माळ्यावरून काढला. वाक्य मी लहान अक्षरांत जुळवून दिलं: 'ऑन संडे माय ग्रँडफादर अँड आय वेंट टु द कोयना विथ मोती. मोती पुल्ड अँड ग्रँडफादर फेल इन द मड.' म्हटलं, आता वरच्या केसमधून काय काय लागेल ते आण, आणि प्रत्येक खिळ्याचं कारण दे. (शिसं आहे, म्हणून नंतर साबणानं हात धुवायला लावले. दोनदा.)

ओ आणला, वाक्याची सुरुवात. संडेचा एस आणला, "का ते माहीत नाही, पण असतो." हे उत्तर मी बरोबर धरलं. आय आणला. कोयनेचा के आणताना 'द' कडे बघून थबकली, मग म्हणाली, "नदी आहे, तिला चालतं." मोतीचे दोन एम. पहिल्या ग्रँडफादरला हात लावला नाही, "माय आहे ना मागे." दुसऱ्या ग्रँडफादरपाशी बराच वेळ बसली. शेवटी वरच्या केसमधून जी काढला आणि जागेवर बसवला, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

"पण आजोबा," ती म्हणाली, "नीट चालत होतास तेव्हा लहान आणि चिखलात पडलास तेव्हा कॅपिटल?"

आपल्याला हे पत्र छापावंसं वाटलं तर छापावं, कापायचं तर कापावं. जुळाऱ्याला कापाकापीची सवय असते. माझं नाव मात्र छापू नये ही विनंती. नातीला अजून पाच वर्षं त्याच शाळेत काढायची आहेत. विशेषनामाच्या जागी सामान्यनाम चालेल.

आपला,
एक निवृत्त जुळारी, कराड